काकीनं बसवलेली डिस्क

माझ्या काकीनं माझ्या बापावर सूड उगवला, आणि तो उगवला जात असताना मी शेजारी उभी होते. मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथल्या तिथं थांबलं असतं. नाही उघडलं. ज्यांना त्याचं वाईट वाटायचं असेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं, मला वाटत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. चावा कुणी घेतला ते मी अगदी जवळून पाहिलंय.

काकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. बुटकी, काटक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. राग आला की बाकीच्यांचा आवाज चढतो, हिचा उतरतो. आणि विसरणं तिला माहीत नाही. डूख धरण्यात तिचा हात धरणारं आमच्या घराण्यात कुणी झालं नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं एकदा तिच्या ब्लाउजची बाही जाळली आणि वर "कापडच हलकं होतं" म्हणाला. तेव्हापासून ती रोज सकाळी त्याच्या दुकानासमोर थांबते आणि गोड आवाजात विचारते, "काय, आज कुणाचं कापड हलकं निघालं?" तो माणूस तिला लांबून बघितलं की आत जातो. आई म्हणायची, "तुझ्या काकीशी वाकडं घेऊ नकोस बाई, जन्मभर पुरेल."

आमचं दुकान दारांचं. खाली कारखाना, वर आम्ही सगळे. काका कोरायचे आणि बाबा गिऱ्हाईक सांभाळायचे. बाबांची जीभ गोड होती. समोरच्याला दार हवंय की नको हे ठरायच्या आत त्याच्या हातात चहा आणि पावती असायची. काका दिवसाकाठी चार वाक्यं बोलले तर पुष्कळ. ते कागदावर पेन्सिलीनं वेल काढायचे, कागद फळीवर चिकटवायचे आणि त्या कागदासकट छिन्नी चालवायचे. वेल लाकडात जायची आणि कागदाचा भुगा व्हायचा. त्यामुळे काकांचा एकही कागद कधी उरला नाही.

मग कोरायचं यंत्र आलं. त्याच्याबरोबर एक संगणक आला, लिनक्सवर चालणारा, आला तेव्हाच म्हातारा. यंत्राची जाड केबल ज्या खाचेत बसायची तशी खाच नंतरच्या संगणकांना येईनाशी झाली, म्हणून तो बदलायची सोय नव्हती. बाबा त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली की त्यांना घाम फुटायचा. काकी मात्र त्याच्यासमोर बसली ती बसलीच. कुणी शिकवलं नाही, पुस्तकं आणून, चुकून, परत चुकून शिकली. म्हणायची, "हा बरा आहे. सांगितलं तेवढं करतो, नाही कळलं तर नाही कळलं म्हणतो. तुमच्या घराण्यात असा एक दाखव."

काकांची एकेक वेल काकीनं त्या संगणकात उतरवली. बिंदू ठेवायचा, रेघ ओढायची, पातं लाकडात कुठं किती आत जाईल ते सांगायचं. एका पानावरून दोघांची दिवसभर जुंपायची.

"हे पान मेलेलं दिसतंय," काका म्हणायचे.

"तुम्हीच तसं काढलंय."

"मी वाळलेलं काढलंय. मेलेलं वेगळं."

आम्ही खाली हसायचो. अशी वर्षानुवर्षांची भांडणं त्या संगणकात साठत गेली. आत दोन डिस्क होत्या. एक छोटी, जिच्यावर संगणक चालू व्हायचा, आणि दुसरी मोठी, जिच्यावर फक्त काकांची डिझाइनं. कागद नाहीत, दारं लोकांच्या घरी. म्हणजे काकांचं म्हणून जे काही होतं ते त्या एका मोठ्या डिस्कवर होतं.

मग काका आजारी पडले, आजार लांबला आणि ते गेले. काका गेले त्याला वर्ष झालं नाही तोच दारवाल्यांच्या संघटनेनं बाबांचा सत्कार ठेवला. हार, नारळ नाही पण शाल होती, आणि माईक. माईक हातात आला की माझ्या बापाचं काय होतं ते मला माहीत होतं, पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं. म्हणाले, "दादा माझा कष्टाळू होता, बिचारा. पण हात वेगळा आणि डोकं वेगळं. या सगळ्या वेली, ही पानं, हे पक्षी, सगळं मला सुचायचं, दादा उतरवायचा. आणि आमच्या वहिनीही मदत करायच्या हां, यंत्राची बटणं दाबायला."

लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. काकी माझ्या शेजारी बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या थांबल्या तरी ती वाजवत होती, तेव्हा पुढच्या रांगेतल्यांनी मान वळवून बघितलं.

दुसऱ्या आठवड्यात दुकानावरची पाटी बदलली. आधी तिच्यावर दोघांची नावं होती, आता एकट्या बाबांचं आलं, सोनेरी रंगात. त्याच दिवशी बाबा काकीला म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता आराम करा. यंत्रावर मी माणूस ठेवलाय. चाव्या तेवढ्या देऊन टाका." काकीनं चाव्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. आवाज इतका उतरला होता की मला पुढं वाकावं लागलं. "भाऊजी, माईकवर जे बोललात ते लक्षात ठेवा. मी ठेवणार आहे."

तिनं आमचं घरही सोडलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि शिवणाचं काम धरलं. मी बाबांच्या दुकानात फोन आणि ऑर्डरी बघत राहिले. बाबांशी भांडले, अबोला धरला, पण पोटासाठी तिथंच बसले. रोज त्या सोनेरी पाटीखालून आत जाताना माझी आग व्हायची.

पुढं त्या संगणकाचं पोट भरलं. डिझाइनं ठेवायला जागाच उरली नाही, आणि मोठ्या डिस्कमधून टकटक यायला लागली, दारावर कुणी हळूच बोटं वाजवावीत तशी. यंत्रावरचा नवा माणूस तयार डिझाइन उघडून, दर कामाला त्याची वेगळी नक्कल ठेवून, यंत्र चालू करायचा, त्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. दुरुस्तीवाले आले, बघून गेले, नवीन यंत्रच घ्या म्हणाले. आणि नेमकं तेव्हाच नाट्यगृहाच्या दारांचं मोठं काम आलं. एका वास्तुकार बाईंनी कुणाच्या तरी घरी काकांचं जुनं दार पाहिलं होतं. त्यांना त्याच वळणाची वेल हवी होती, नाट्यगृहाच्या मुख्य दाराला, दोन माणसं उंच. बाबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "बाई, ती माझीच वेल. अशा पन्नास दाखवतो, या."

बाई परवा येणार, आणि इकडे डिस्क टकटक करतेय. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. मला म्हणाले, "जा, काकीला घेऊन ये. नवी डिस्क बसवून दे म्हणावं. मी आणून ठेवलीय."

मी गेले. काकी पायमशीनवर बसली होती. तिनं सगळं ऐकलं, दोरा तोडला आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, स्वतः या."

"काकी, ते यायचे नाहीत."

"अडला हरी गाढवाचे पाय धरी. यातलं गाढव व्हायला माझी ना नाही, पोरी. पण पाय धरायला लावीन."

आणि बाबा आले! सायकलवाल्याच्या दुकानातला तो अरुंद जिना चढून, धापा टाकत, माझा बाप काकीच्या दारात उभा राहिला. तिनं बसा म्हटलं नाही. ते उभ्या उभ्याच बोलले, की झालं गेलं विसरून जा, घरचं काम आहे, दादा असता तर त्यानं पण हेच सांगितलं असतं. काकांचं नाव आल्यावर काकीनं पहिल्यांदा वर बघितलं. "येते," म्हणाली. "पण मी बसवत असताना मध्ये बोलायचं नाही."

ती आली ती बाई यायच्या दिवशी, सकाळी. स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन. संगणकाचं झाकण काढलं तर आत लाकडाच्या भुशाचा नुसता थर. "काय हे," म्हणाली, "तुम्ही याला कधी झाडलं पण नाही." ब्रशनं सगळं साफ केलं. वीज द्यायची एकच वायर रिकामी होती, ती खेचून नव्या डिस्कपर्यंत आणली. डिस्क खाचेत सरकवली, चार स्क्रू आवळले, डेटाची केबल लावली. जुन्या मोठ्या डिस्कला बोट लावून बघितलं. तापली होती.

संगणक चालू झाला. काकीनं डिस्कची यादी मागितली आणि तिघींची नावं पडद्यावर आली. मी विचारलं, "नवी कुठली?"

"नावावर जायचं नाही. नवीन कुणी घरात आलं की जुन्यांच्या जागा बदलतात, तसं याच्यातही नावं इकडची तिकडं होतात. आकार बघायचा. ही सगळ्यात मोठी आणि कोरी, ही आपली." मग तिनं कोऱ्या डिस्कवर आखणी केली आणि ती वापरायला तयार केली. एकेक आज्ञा दोनदा वाचून मगच बटण दाबत होती. "यात चूक झाली आणि जुनीवर आखणी बसली तर हे गेले म्हणून समज," ती म्हणाली. हे म्हणजे काका.

आता पुढचं नीट सांगते, कारण सगळं यातच आहे. लिनक्समध्ये डिस्क नुसती बसवली म्हणून दिसत नाही. तिला कुठल्या फोल्डरमधून आत जायचं ते एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. काकीनं मला दारवाल्याच्या पोरीला कळेल असं सांगितलं होतं. फोल्डर म्हणजे दार आणि डिस्क म्हणजे खोली. दार तेच ठेवून मागची खोली बदलता येते. दारावर 'डिझाइन' लिहिलंय, पण उघडल्यावर जुनी खोली दिसेल की नवी, ते त्या फाइलीतली एक ओळ ठरवते.

काकी त्या ओळीपाशी थांबली आणि तिनं बाबांना हाक मारली. "भाऊजी, जुनीवरचं सगळं नवीनवर उतरवून घ्यायला हवं. जुनी आजारी आहे, हळूहळू उतरवावं लागेल, दिवस जाईल. उतरवू?"

बाबा दाराशी पायघडी झटकत होते. "दिवस? बाई तासाभरात येतील! वहिनी, मला अक्कल शिकवू नका. यंत्र चालू करून द्या पटकन, बाकीचं माझं मी बघतो."

"बरं," काकी म्हणाली.

ती पडद्याकडं वळली. तिनं ती ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. 'डिझाइन' या दारामागं आता नवी, कोरी खोली होती. जुनी खोली जागच्या जागी, भरलेली, पण तिला दारच उरलं नव्हतं. मला दिसलं. काकीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. ती काही म्हणाली नाही आणि मी पण नाही. सत्काराच्या त्या टाळ्या माझ्या कानात वाजत होत्या.

बाई आल्या. उंच, केस कापलेले, हातात गुंडाळलेले नकाशे. बाबांनी खुर्ची पुसली, चहा मागवला, आणि ऐटीत यंत्रावरच्या माणसाला म्हणाले, "दाखव रे आपली डिझाइनं." त्यानं फोल्डर उघडला. पांढरा पडदा. त्यानं परत उघडला. तेच.

"यात काहीच नाही," तो म्हणाला.

बाबांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. त्यांनी काकीच्या कानाशी वाकून विचारलं, "वहिनी, कुठं गेलं सगळं?"

काकी मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नवीन डिस्क आहे, भाऊजी. नवीन डिस्क रिकामीच असते. उतरवू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, यंत्र चालू करून द्या पटकन."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. बाबांनी जुनीबद्दल एक प्रश्न विचारला असता, फक्त एक, तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं. पण बाईंसमोर विचारायचं कसं? आपल्याच दुकानातलं आपल्याला कळत नाही हे दाखवायचं कसं? ते सरळ झाले आणि हसले. माझा बाप हसताना इतका वाईट मी कधी पाहिला नव्हता.

बाई समजूतदार होत्या. "असू दे हो," म्हणाल्या. "डिझाइनं तुमचीच आहेत ना? मला नुसता अंदाज हवाय. कागदावर काढून दाखवा, दोन पानं आणि वळण, बस."

काकीनं लगेच कागद सरकवला. पेन्सिलीला टोक पण केलेलं होतं. कधी केलं कुणास ठाऊक. "घ्या, भाऊजी. तुम्हाला तर झोपेतही सुचतं."

आता नाही म्हणायचं तर सत्काराचं भाषण गिळावं लागतं. बाबांनी पेन्सिल घेतली. एक रेघ काढली, ती वर गेली, वळायच्या जागी अडखळली आणि सुतळीसारखी खाली पडली. मग पान काढलं. पान म्हणजे चमचा. त्याच्या शेजारी दुसरा चमचा. मग कुणी सांगितलं नव्हतं तरी पक्षी काढायला गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तो पक्षी होता की चप्पल, हे आजही मी शपथेवर सांगू शकणार नाही. यंत्रावरचा माणूस खोकत बाहेर गेला. कारखान्यातल्या दोघांनी करवतीमागं तोंड लपवलं.

बाईंनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. मग काकीला विचारलं, "आणि तुम्ही कोण?"

"मी?" काकी म्हणाली. "मी बटणं दाबते."

बाई काकीकडं बघत राहिल्या. मग नकाशे गुंडाळले, "कळवते" म्हणाल्या आणि गेल्या. चहा तसाच होता.

त्या रस्ता ओलांडून जातायत तोवर बाबा उसळले. "तुम्ही! तुम्ही मुद्दाम केलंत! पाय लागला तुमचा आणि दुकान बुडालं!" काकी शांतपणे स्क्रू ड्रायव्हर पुसत होती. तिनं संगणक बंद केला, जुनी मोठी डिस्क काढली आणि हातात धरून विचारलं, "हिचं काय करू, भाऊजी? हिच्यावर..."

"नाव काढू नका तिचं! भंगार आहे ते! दादाचंच डबडं ना? जा घेऊन. नवऱ्याची आठवण म्हणून कपाटात ठेवा!"

"तुम्ही देताय?"

"देतोय! ऐकलंत सगळ्यांनी? देतोय! आणि परत तोंड दाखवू नका!"

सगळ्यांनी ऐकलं होतं. काकीनं डिस्क रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मी माझ्या टेबलाचा खण उघडला, माझा डबा आणि छत्री घेतली आणि तिच्यामागून निघाले. बाबांनी हाक मारली. मी वळले नाही.

सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत काकीनं भंगारातून जुळवलेला एक संगणक होता, त्यातही लिनक्स. तिनं जुनी डिस्क जोडली आणि टेबलावरचा पंखा तिच्यावर रोखला. दार उघडलं, आणि आत सगळे होते. वाळलेली पानं, मेलेली पानं, पक्षी, वेली, एकेक फाइलीला काकीनं दिलेली नावं. मी ओरडलेच. काकी ओरडली नाही. तिनं उतरवायला सुरुवात केली, आणि डिस्क मोठ्यानं टकटक करायला लागली.

"एवढं दे ग," काकी तिच्याशी बोलत होती, "एवढं दे आणि मग मर."

फाइली एकेक येत होत्या. मध्येच सगळं थांबायचं, टक टक टक, मग परत एखादी सरकायची. तेव्हा मला कळलं की सकाळी दुकानात आम्ही काय पणाला लावलं होतं. "काकी, मधल्या मध्ये ही गेली असती तर? पिशवीत, रस्त्यात?"

"गेली असती तर गेली असती." तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. "त्यांच्या हाती तरी लागली नसती."

मला काकीची भीती वाटली, हे खरं सांगते. आणि त्याच वेळी तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. दोन्ही एकदम होऊ शकतं.

संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळं उतरलं. एक फाइल राहिली. काकीनं ती परत परत मागितली, वेगळ्या तऱ्हेनं मागितली, डिस्क गार होऊ दिली आणि मागितली. मग डिस्क फिरायचीच थांबली. ती काकांची शेवटची वेल होती, पलंगावर पडून काढलेली. तिचा कागदही त्यांनी सवयीनं फळीवर चिकटवला होता, दोन पानं कोरून छिन्नी ठेवली होती, आणि ती फळी बाबांनी नवीन पाटी लावताना दुकान झाडलं त्यात गेली होती. काकीनं पंखा बंद केला. मी चहा केला, तो तिनं घेतला.

आमच्या गल्लीच्या पलीकडे एक सुतार आहे, सगळे त्याला रंधा म्हणतात. त्याच्याकडं यंत्र होतं आणि डिझाइनं नव्हती. काकी त्याच्याकडं जाऊन बसली आणि मीही गेले. अन् एक दिवस त्या वास्तुकार बाई तिथं आल्या. कुणाकुणाला विचारत आल्या होत्या, म्हणाल्या, "बटणं दाबणाऱ्या बाई इथंच असतात ना?" काकीनं त्यांच्यासमोर वेली उघडल्या. बाई खुर्ची ओढून बसल्या त्या उठेचनात.

नाट्यगृहाची दारं आम्ही केली. काकीनं एकच अट घातली होती, दाराच्या खालच्या पट्टीवर काकांचं नाव कोरायचं, वाचता येईल असं. नाट्यगृह उघडलं त्या दिवशी सगळं गाव तिथं होतं, म्हणजे बाबाही होते. लोक दार बघत होते, खाली वाकून नाव वाचत होते, आणि मग वळून बाबांकडं बघत होते. संघटनेतले ते शाल घालणारे तर अगदी चष्मा लावून वाचत होते. माझं काळीज थंड झालं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रंध्याच्या कारखान्यात आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. गिऱ्हाइकं होती, सुतार होते, करवत चालू होती. बाबा ओरडले, "ही चोरी आहे! ती डिझाइनं आमची आहेत!"

चोराच्या उलट्या बोंबा, मी म्हणणार होते, पण काकीनं हात वर केला. "कुणाची, भाऊजी?"

"आमची!"

"आमची म्हणजे कुणाची? नाव घ्या."

बाबांचे ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," काकी म्हणाली आणि रंध्याला खूण केली. करवत बंद झाली. सगळे हातातलं काम ठेवून बघत होते.

"दादाची!" बाबा म्हणाले. "सगळी दादाची. मला एक पान काढता येत नाही, कधीच येत नव्हतं. झालं समाधान?"

"झालं," काकी म्हणाली.

मला वाटलं संपलं. पण बाबा गेले नाहीत. त्यांचा आवाज खाली आला. "सगळी तुमच्याकडंच ठेवा, वहिनी. मला एकच वेल द्या. शेवटची. दादाचा हात थरथरत होता, तेव्हा कागद मी धरून बसलो होतो. दिवसभर धरला होता. त्या एकीला तरी माझा हात लागलाय."

हे मला माहीत नव्हतं. काकीला माहीत होतं, तिच्या तोंडावरून कळलं.

"ती नाही," ती म्हणाली.

"द्यायची नाही असं म्हणा."

"द्यायची नाही असं नाही, भाऊजी. ती नाहीच. डिस्कबरोबर गेली. तुमच्या दुकानात त्या सकाळीच धीरानं उतरवली असती तर कदाचित आली असती. मी तुम्हाला विचारलं होतं." तिनं चष्मा काढला. "एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, ते मी मुद्दाम विचारलं नाही."

बाबा फळ्यांच्या थप्पीवर बसले आणि सगळ्यांसमोर रडायला लागले, लहान मुलासारखे, तोंड न झाकता. काकी त्यांच्यासमोर उभी होती. तिचेही डोळे भरले होते, पण ती जागची हलली नाही. मग तिनं चष्मा लावला, यंत्राकडं गेली आणि रंध्याला म्हणाली, "चालू कर, दुपारी माल द्यायचाय."

मी बाबांना हाताला धरून उठवलं आणि दारापर्यंत नेलं. "घरी जा, बाबा," म्हटलं. ते पायरीवर उभे राहिले, मी आत बोलावीन असं त्यांना वाटलं असावं. आत करवत सुरू झाली होती. भुसा रस्त्यावर उडतो म्हणून मी दार लावून घेतलं.